रस्त्यावर पडलेला फोन

चंद्रहासदादास,

काल इथे एदोगावात, नुपूरला शाळेतून आणताना, आमच्या डोळ्यांदेखत एका व्हॅनने सायकलवरच्या आजींना उडवलं. व्हॅनला सिग्नल लाल होता, पण ड्रायव्हर फोनवर बोलत होता. मग तो रस्त्यावरच गुडघे टेकून माफी मागत राहिला. ऐकायला त्या आजी शुद्धीवर नव्हत्या.

उतरताना त्याच्या हातून पडलेला फोन माझ्या पायाशी चालूच होता. आतून कुणी बाई जपानीत ‘मोशी मोशी, मोशी मोशी’ करत होती, आपण हॅलो हॅलो करतो तशी. भाषा नीट येत असती तरी काय सांगितलं असतं तिला?

तू रोज ऑफिसला जाताना गाडी चालवत मला फोन करतोस. शंभरदा सांगून झालं. “अगं, तेवढाच वेळ मिळतो,” म्हणतोस. म्हणून आज लिहायला बसले.

आणि आता फोन वाजतोय. या वेळी तुझाच असणार. उचलला, तर पलीकडची ती बाई मीच. नाही उचलला, तर तू पुन्हा पुन्हा नंबर दाबत बसशील, समोर न बघता.

दादा, अजून वाजतोय रे.

तुझी,
संपदा