कर्दळीची पानं

२० फेब्रुवारी २०१६, उदगीर

कर्दळीला कोंब! गाव वाळून चाललाय अन् आमच्या गिलीटाच्या, क्रोमचा मुलामा द्यायच्या कारखान्यामागे हिरवं! नात महादेवी विष्णुपुरीला इंजिनियरिंग शिकायलीय, तिचीच अक्कल. खड्ड्यात प्लास्टिक, वर खडी, वाळू, त्यात कर्दळ अन् पाणकणीस. शेजारच्या गौरम्माच्या आडाचं पिवळं पाणी त्यातून झिरपवायचं. पिवळं केलं ते आमच्याच कारखान्यातून मुरलेल्या विषारी क्रोमनं. गल्लीत पाणी असलेला तो एकच आड — आम्ही नासवला. वर्ष झालं, गौरम्मा बोलत नाही. दुसरीत एका तरटपट्टीवर बसायचो आम्ही!

महादेवीनं बजावलं — "अज्जा, क्रोम मुळांत अडकतं, पण थोडं पानातबी चढतं. शेळीलासुद्धा पान घालायचं न्हाई."

३ मार्च

हॉटेलात उदगीर वेगळा जिल्हा व्हावा का, यावरून भांडण. चंद्रप्पा म्हणे, "जिल्हा झाला की पाणी येतंय बघ." म्हटलं, "आधी माझी कर्दळ बघ, मग कलेक्टर बोलव!"

१७ मार्च

पहिलं फूल. लालभडक! झाडांना दुसरीतली कविता चालीवर म्हणून दाखवली. डोलली — वारा नव्हता, शपथ!

१८ मार्च

पुन्हा म्हटली. तिसऱ्या ओळीवर मुद्दाम थांबलो. शाळेत तिथंच अडायचो. भिंतीपलीकडून ओळ आली!! वर — "अजून ठोंब्याच हाईस." वर्षातले पहिले शब्द. दिवसभर पाय जमिनीवर नाहीत.

२ एप्रिल

महादेवीचा फोन. बागेतून निघालेल्या पाण्यात क्रोम जवळजवळ नाहीच! "अजून एकदा तपासू. तवर कुणी वापरायचं न्हाई." भिंतीवरून ओरडून सांगितलं सगळं. गौरम्मा हसली — मी ऐकलं. "उद्या जेवायला ये, गुरुलिंग."

३ एप्रिल

पांढरं धोतर नेसून गेलो. पाटावर बसलो अन् बघतो तर — पुढ्यात कर्दळीचं पान! ताटं धुवायला पाणी नाही म्हणून सकाळी भिंतीवरून हात घालून तिनं तोडलेलं. एक माझ्यापुढे, एक तिच्यापुढे. घास तिच्या हातात! हात धरला, घास पाडला, दोन्ही पानं उचलून उकिरड्यावर — भाकरी, येसर आमटीसकट! मग सांगितलं.

"वर्षभर पाणी नासवलास. आज अन्नबी नासवलास," म्हणाली. दार लावलं.

पाणी वापरू नको, हे सांगितलं. पान तोडू नको, हे सांगायचं राहिलं. कविता म्हणत बसलो!

४ एप्रिल

कविता म्हटली. तिसऱ्या ओळीवर थांबलो. पलीकडे काही नाही.

५ एप्रिल

दुपारी हाक आली — "गुरुलिंग, जेवलास का?" गेलो. पाटापुढे एकच ताट, तिचं. ती नुकती जेवलेली, कडेला आमटीचे ओघळ तसेच. त्यातच भाकरी वाढली.

"धुवायला पाणी न्हाई. माझ्या उष्ट्या ताटात चालंल का तुला?"

बसलो.

परवा लावलेलं दार तिनं सताड उघडं ठेवलं होतं. सगळ्या गल्लीला दिसावं म्हणून!