चाळीस बायकांना एक टोकन

आये, कामावरून आलीस की चप्पलसुद्धा न काढता तू ओट्यापाशी उभी राहायचीस आणि अख्खा तांबा घटाघटा प्यायचीस. मी म्हणायचे, "गो आये, बसून तरी पी." तू नुसती हसायचीस. कोळंबी सोलायला बसलेल्या चाळीस बायकांत संडासाला जायचं टोकन एकच, आणि ते सुपरवायझरच्या खिशात, म्हणून तू दिवसभर पाण्याला शिवायची नाहीस. हे मला कळलं ते तुझ्या किडन्या गेल्यावर. एकदा टोकनाशिवाय उठलीस म्हणून त्याने ओल्या हातमोज्याने थोबाडीत मारली होती, तेही तू दवाखान्याच्या खाटेवर सांगितलंस, कुणा दुसरीची गोष्ट सांगावी तसं. मला अजून संताप येतो, त्याचा आणि तुझ्या त्या हसण्याचाही.

दहावीनंतर मी तुझ्याबरोबर यायचं म्हटलं तेव्हा केवढी भडकलीस! बर्फाने सोललेली बोटं माझ्या नाकासमोर धरलीस. "ही हवीत तुला? इंग्रजी शीक. चार लोकांत तोंड उघडायला शीक." मी शिकले. आता रत्नागिरीतच अशाच एका कारखान्याच्या ऑफिसात बसते, परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं बघते. कारखाना दुसरा आहे, वास तोच.

गेल्या आठवड्यात त्यांची माणसं तपासणीला आली. आदल्या दिवशी एरवी बंद असणाऱ्या मागच्या दाराचं कुलूप निघालं, इथलंही टोकन ड्रॉवरमध्ये गेलं. त्यांनी कोळंबीत तीन-तीनदा थर्मामीटर खुपसून बघितलं. कोळंबीची केवढी काळजी! मग त्यांच्यातल्या एका बाईंनी संगमेश्वरकडच्या एका कामगारणीला बोलावलं आणि माझ्यामार्फत विचारलं, लागेल तेव्हा बाथरूमला जाता येतं का?

मॅनेजर काचेपलीकडे उभा. तरी ती कामगारीण घाबरली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "नाय बाय. टोकन लागतं. परवा तशीच गेले तर कानाखाली दिली. सांग तिला."

आणि मी तोंड उघडलं, आये. म्हटलं, "येस. एनी टाइम."

त्या परदेशी बाईंनी कागदावर खूण केली. संपलं. बाहेर पडताना त्या कामगारणीने माझा हात धरला, तिची बोटं तुझ्यासारखीच गारठलेली. "बरं झालं तू होतीस," म्हणाली. "आमचं कोण सांगणार त्यांना?" मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी टोकन परत सुपरवायझरच्या खिशात, आणि ती अजून वाट बघतेय. जेवणाच्या सुट्टीत मला विचारते, "काय गो, आलं का त्यांचं काय?"

लाज वाटते म्हणून नाही, चीड येते म्हणून सांगतेय. मॅनेजरची, त्या कागदाची, माझी तर सगळ्यात जास्त.

खरं सांगू? आज मी त्या परदेशी बाईंनाच लिहायला बसले होते. त्यांचा ईमेल माझ्याकडे आहे, इंग्रजीही तू दिलेलं आहे. पण लिहिलं तुला. तू गेल्यापासून तुला लिहिलेलं कुठे पाठवावं लागत नाही.