गॅलिसियाला माझा होकार

४ मार्च, सकाळी दहा

आजपासून रोजनिशी. मला अक्षर येत नाही म्हणून काय झालं, तोंड आहे. मी सांगणार, खालच्या मजल्यावरची मिरियम लिहिणार. ती रिटायर मास्तरीण. पनवेलच्या निम्म्या पोरांचे कान तिने पिळलेत. मी 'हाय' म्हटलं की ती 'आहे' लिहिते. म्हटलं, लिही बाई. वही तुझी, अक्कल माझी.

कारण असं. माझा प्रणित परदेशात घर बघतोय, समुद्रकाठी. त्याचं काम लॅपटॉपवर, ते कुठेही बसून होतं म्हणे. कॅनडा-दुबईला सगळेच जातात. त्याला असा किनारा हवा की जिथे आपलं कोणी पोचलेलं नाही. काल जेवताना म्हणाला, आई, तू समुद्राकाठची, तूच सांग कुठला बरा.

म्हणजे ठरलं. निवडणार मी. या घरात माझ्या होकाराशिवाय चहात साखर पडत नाही. डॉक्टरने माझी साखर बंद केलीय ती गोष्ट वेगळी.

निश्चय: दिवाळीपर्यंत कुठल्याच देशाला हो म्हणायचं नाही.

६ मार्च

मिरियमने विचारलं, पण कमळा, तुला जायचंय का? म्हटलं, मुळीच नाही. म्हणून तर निवडायला बसले. नाक नकटं म्हणून आम्ही प्रणितसाठी अकरा पोरी नाकारल्या, देश काय चीज आहे. मी नापास करत जाईन, पोरगा कंटाळेल, विषय संपेल.

मिरियमची दोन्ही मुलं इस्रायलला. थोरल्याने बिचारीला एका शब्दाने विचारलं नाही, सरळ तिकीट आणून हातात ठेवलं. ही गेली नाही. म्हटलं, तुझ्या पोरांना वळण नाही गं. आमच्याकडे विचारतात.

मिरियमने एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. चहाची वेळ झाली असेल.

१४ मार्च

पहिला देश अल्बेनिया. प्रणितने टीव्हीवर लावला. निळंशार पाणी, काठाला ओळीने खुर्च्या. मी विचारलं, ओहोटी किती वाजता? त्याने फोनात बघितलं. म्हणाला, आई, इथे भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच.

हात टेकले. जो समुद्र दिवसातून दोनदा उठत-बसत नाही तो आजारी आहे. आजाऱ्याच्या उशाशी घर कशाला बांधायचं? नापास.

सूनबाई, म्हणजे दिपा, म्हणाली, आई, पॉइंट आहे तुमचा. आणि लॅपटॉपमध्ये काहीतरी टाईप केलं. आता माझं बोलणं दोन ठिकाणी उतरतं.

२ एप्रिल

जॉर्जिया. समुद्राचं नावच काळा. भरती तिथेही नाही. मासळी दाखव म्हटलं तर बोटाएवढी दाखवली, आपल्या मांदेलीची चुलत बहीण. किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गोटे. अनवाणी चालायचं कसं? नापास.

प्रणित म्हणाला, आम्हीपण तेच म्हणत होतो. बघा. एकमत.

दोन देश गेले. या वेगाने दिवाळीपर्यंत जग संपेल.

१२ एप्रिल, दुपारी चार

तिसरा. स्पेन म्हणे, पण ते प्रसिद्ध स्पेन नव्हे, वरच्या कोपऱ्यातला गॅलिसिया. नाव घेताना जीभ दोनदा वळते. पण इथे भरती आहे!

लगेच परीक्षा घेतली. आमच्या उरणला शेंबड्या पोरीलाही येतं: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ हातात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला बाराच्या आसपास. आज पुनव. तिथे दुपारचे बारा वाजले की पाणी काठोकाठ पाहिजे.

घराचा एजंट तिथल्या किनाऱ्यावर उभा राहून फोनवर दाखवत होता. तिथे बारा वाजलेले. आणि पाणी? पार लांब गेलेलं. नुसता चिखल.

प्रणित म्हणाला, आई, तुझा हिशेब उरणचा, प्रत्येक किनाऱ्याचा वेगळा असतो. अरे, चंद्र एकच ना? त्यांचं घड्याळ बिघडलंय, एजंटला सांग. त्याने सांगितलं नाही. भिडस्त आहे, बापावर गेलाय.

नापास म्हणणार, तेवढ्यात चिखलात काहीतरी हललं. बायका. वीसेक असतील. कमरेत वाकलेल्या, हातात खुरपी, बाजूला बादल्या. शिंपल्या काढत होत्या. त्यातली एक माझ्या वयाची. पायात रबरी बूट, डोक्याला फडकं. कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि शेजारणीला काहीतरी बोलली. शिवीच असणार, कारण शेजारीण पोटभर हसली.

मी अशीच वाकायचे. आमच्या खाडीत, बावीस वर्षं. ती खाडी बुजवली. आता तिथे कंटेनर एकावर एक बसलेले असतात.

प्रणित म्हणाला, काय आई, नापास?

म्हटलं, विचार करून सांगते.

१३ एप्रिल

दिवाळीचा निश्चय रद्द. त्या बायकांच्या ओळीत डावीकडून चौथी जागा रिकामी होती. मी नीट बघितलंय.

गॅलिसिया पास, असं सकाळी जाहीर केलं. प्रणितने पायाला हात लावला. दिपाने मिठी मारली, लग्नानंतर पहिल्यांदाच. नात आभा, वय नऊ, ती तर सोफ्यावर नाचली. एका होकाराचा एवढा आनंद! मी उगाच दीड महिना ताणून धरलं.

मिरियमने विचारलं, तुझा पासपोर्ट आहे का? म्हटलं, रेशनकार्ड आहे, आधार आहे. आधारला दहाच्या दहा बोटं दिलीत. आणखी काय पाहिजे सरकारला?

२ मे

निश्चय: रोज आभाकडून तिकडचा एक शब्द. 'ओला' म्हणजे नमस्कार. 'ग्रासियास' म्हणजे उपकार झाले. तिसरा शब्द मी मागितला तो शिवीचा, तो तिला येत नाही. शाळेत महत्त्वाचं काही शिकवतच नाहीत. आभाने विचारलं, पण आजी, तुला कशाला हे? म्हटलं, शेजारणीशी भांडायला.

निश्चय दुसरा: थंडीची सवय. लोकरी मोजे घालून दिवसभर बसले. पायांना घामोळं आलं. पायाला घामोळं आलेली पनवेलमधली मी पहिली बाई, असं मिरियम म्हणते. पहिलं असण्यात कमीपणा नाही.

१७ मे

तिघंही फोटो काढायला गेले. पासपोर्ट-व्हिसाचे. मी नवं लुगडं नेसून दारात तयार. प्रणित म्हणाला, आई, ऊन केवढं आहे, तू कशाला?

काळजी करतो पोरगा. म्हाताऱ्यांचे फोटो घरी येऊन काढत असतील. दोन दिवस तेच लुगडं नेसून बसले. फोटोवाला आला नाही. पनवेलमध्ये कामाची माणसंच राहिली नाहीत.

२९ मे

मासळी बाजारात सांगून टाकलं. एकीला सांगितलं, बाकीच्या चाळीसजणींना आपोआप कळलं. पापलेटवाली म्हणाली, आत्ये, तू तिकडं जाऊन करशील काय? म्हटलं, त्या बायका गुडघ्यातून वाकतात. चूक आहे ते. म्हातारपणी रडतील. मी शिकवणार.

रविवारी उरणला माहेरी निरोपाचं जेवण झालं. भाचीने नवं लुगडं नेसवलं. सुकट-बोंबलाचं गाठोडं बांधून दिलं. भाचा चौकात सगळ्यांना सांगत होता, आमची आत्या युरोपला चालली. मी म्हटलं, हळू बोल रे, दृष्ट लागेल. तो आणखी मोठ्याने बोलला. मी तसं सुचवलंच होतं.

१९ जून

नव्या बॅगा आल्या. तीन. काळी, निळी आणि आभाची गुलाबी. माझं सामान असतंय किती? लुगडी, खुरपं, सुकट. गुलाबीत जाईल.

मिरियम म्हणाली, कमळा, नीट मोज. म्हटलं, मोजल्या, तीनच आहेत. ती म्हणाली, बॅगा नाही, माणसं मोज.

निश्चय: आजपासून मिरियमशी अबोला. पण मग लिहिणार कोण? उद्यापासून.

२३ जून

माझी लेक रूपा नदीकाठच्या आपटा गावात दिलेली. फोनवर तिला सांगितलं, आता आईला भेटायचं तर विमान पकडावं लागेल. ती म्हणाली, तूपण? मग म्हणाली, मी दादाशी बोलते.

हेवा वाटला असणार. सख्खी असली तरी वाटतोच.

८ जुलै

तिकिटं आली. अकरा ऑगस्टची. जेवताना मी म्हटलं, खिडकी मला द्या, आभाला उलटी होते, ती कडेला बरी.

दिपा ताटातल्या वरणाकडे बघत राहिली. शेवटी आभाच म्हणाली, आजी, पण तू कुठे येतेयस?

प्रणित म्हणाला, आई, अगं व्हिसा आमच्या तिघांचा आहे. तिथली थंडी, तुझे गुडघे. तू इथेच राहा, नाहीतर रूपाकडे जा, तुला आवडेल तसं. आम्ही सेटल झालो की बघू.

म्हटलं, मग मला विचारलंत कशाला? दिपा म्हणाली, असं काय आई, तुमचा मान ठेवायला नको? घरातलं कोणी मोठं म्हणून आधी तुम्हालाच विचारलं. आणि प्रणित म्हणाला, तूच तर निवडलंस ना आई, आम्ही सगळ्यांना हेच सांगतो.

हे म्हणताना त्याचा चेहरा खुलला होता. तेच लागलं. खोटं बोलला असता तर कान धरला असता. तो मनापासून बोलत होता.

ताटं मी धुतली. सगळ्यांची.

९ जुलै

सासरी नवी होडी घ्यायची म्हणजे पुरुष आधी माझ्या सासूला विचारायचे. आये, घेऊ का? सासू डोळे मिटायची, वेळ लावायची, मग म्हणायची, घ्या. गावभर बोलबाला, थोरलीला विचारल्याशिवाय त्या घरात होडी येत नाही. मी तिच्या हातात पूजेचा नारळ द्यायचे आणि वाटायचं, आपणही कधीतरी थोरली होऊ.

सासू जन्मात त्या होडीत बसली नाही. बायकांनी चढायचं नसतं. तिने कधी विचारलंही नाही, मला जागा कुठे?

मी थोरली झाले, एवढंच.

मिरियमला म्हटलं, तुला माहीत होतं. म्हणाली, फोटोच्या दिवसापासून. म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, किती वेळा सांगितलं, दरवेळी तू ते वहीत लिहायला लावलंस आणि पुढे गेलीस. म्हणजे हीपण फितूर. म्हटलं, लिही, मिरियम फितूर. तिने लिहिलं. वळणदार अक्षर आहे म्हणते.

२१ जुलै

बाजारात जात नाही. चाळीसजणींना काय सांगू? बारा दिवस अंडी खाल्ली. अंड्याला ना काटा ना चव, ना त्यावर भांडण करता येतं.

शेवटी ठरवलं. मिरियम, असं लिही: कमळाबाईने थंडीचा विचार करून स्वतः नकार दिला. मिरियम म्हणाली, अगं, निदान वहीत तरी खोटं नको. म्हटलं, वाचणार कोण, मी?

लिहिलं तिने. उरणला भाच्यालाही तेच कळवलं. तो म्हणाला, बरं केलंस आत्ये. फार पटकन म्हणाला.

११ ऑगस्ट, दुपार

गेले. गाडी वळेपर्यंत आभा मागच्या काचेतून हात हलवत होती. प्रणित रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, कोणीतरी फिरवायला पाहिजे होता.

सुकटीचं गाठोडं मी गुपचूप गुलाबी बॅगेत घातलं होतं. वर आले तर ओट्यावर ठेवलेलं. दिपाने काढलं असणार. वर प्लॅस्टिकची पिशवी नीट बांधली होती. मनाने चांगली आहे ती.

१९ ऑगस्ट

निश्चय: यापुढे कोणी काही विचारलं तर लगेच उत्तर द्यायचं नाही.

आज रूपाचा फोन. आपट्याच्या घराला मागे एक खोली वाढवतायत. म्हणाली, आई, तुझी नजर चांगली, तूच सांग, लादी पांढरी घालू की तपकिरी? आणि खिडकी नदीच्या बाजूला बरी ना?

पांढरी, असं अगदी ओठावर आलं होतं. म्हाताऱ्या माणसाला पांढऱ्यावर सांडलेलं पाणी दिसतं, पाय घसरत नाही. खिडकीही नदीकडेच हवी.

मग थांबले. म्हटलं, रूपा, त्या खोलीत निजणार कोण?

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. मग रूपा म्हणाली, आई, आवाज कट होतोय गं, नंतर करते.

मला शिट्ट्यासुद्धा मोजता येत होत्या.