हात खिशात

बुधवार, १८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक, तिकडचं कळव, असं लिहायची पद्धत आहे. पण तुझं पोट दुखतंय आणि मी दमले आहे, तेव्हा ते राहू दे. भाऊजींचा खोकला कसा आहे? पत्र टाइप केलंय म्हणून चिडू नकोस. 'छापील पत्र म्हणजे बँकेची नोटीस,' हे तुझं म्हणणं मला पाठ आहे.

तुझे रिपोर्ट पाहिले. पित्ताशयात खडे आहेत, ते पित्ताशयासकट काढावे लागतील. आमच्याकडे हे रोजचंच काम आहे, पण आता पुढे ढकलू नकोस. 'तू करणार असशील तरच येते, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही,' असं तू लिहिलंस. त्याकडे येतेच. आधी आमच्या मंगळवारचं सांगते, हे काय नवीन खूळ म्हणून तू विचारलं होतंस.

खूळच. उन्हाळ्यात एका बाईचं पोट शिवताना मी मध्येच थांबले आणि समोरच्या शिकाऊ डॉक्टर मुलीला म्हटलं, "तू शिव. मी सांगते." एवढीशी आहे, दिवसभर राबते, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात. घाबरली बिचारी. मी टाक्यागणिक बोलत राहिले, सुई कुठून घालायची, दोरा किती ओढायचा. छान शिवलं तिने. संध्याकाळी आणखी तिघांना घेऊन दारात हजर. "मॅडम, असंच पुन्हा सांगाल? बाकीचे सर जरा चुकलं की सुई ओढून घेतात. तुम्ही हातच लावला नाहीत."

तेव्हापासून दर मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, धुतलेल्या चादरींच्या खोलीत आम्ही जमतो. जुन्या गादीचा फोम हे आमचं पोट. मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून नुसती बोलते. पोरांना वाटतं, ही माझी शिकवायची पद्धत. काल मुंगी नव्या मुलांना गाठ शिकवत होती, तर तिचेही हात खिशात. मला हसू आलं, आणि मग मी बराच वेळ कपाटाकडे तोंड करून चादरी मोजल्यासारखं केलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई. पण तुझ्यापुढे किती दिवस झाकणार? माझा हात थरथरतो. त्या दिवशी सुई धरताना थरथरला, म्हणून मी थांबले. त्यानंतर कुणालाही सुरी लावलेली नाही. शिकवायला वेळ हवा असं सांगून माझ्या केसेस सहकाऱ्याकडे दिल्या. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. औषधांनी कमी होईल, जाणार नाही म्हणाले. लहानपणी तुझ्या सुईत दोरा मी ओवून द्यायचे ना? आता ओवता येत नाही. फार वाईट वाटतं गं, आणि वाईट वाटून घ्यायचाही कंटाळा आलाय.

काल मोठ्या साहेबांना सांगितलं. खरं तर आधी तुलाच सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "मंगळवार चालू राहील ना?" मी हो म्हटलं. मुंगीला मात्र केव्हाच कळलं असावं. परवा तिने आपणहून माझ्या कोटाची बटणं लावून दिली.

तर तुझं ऑपरेशन मी करणार नाही. मुंगी करेल. तिचं शेवटचं वर्ष आहे, आणि माझे सहकारी शेजारी उभे असतील. मला विचारशील तर माझ्या पोटालाही मी तिलाच हात लावू देईन. रागव, भाऊजींजवळ माझ्या नावाने बोटं मोड, पण ये.

मी तुझ्या उशाशी असेन. हात खिशातच असतील. भूल चढेपर्यंत तेवढा एक बाहेर काढून तुझ्या हातात देईन. थरथरला तर घट्ट धर.

खालचं नाव हाताने लिहिते आहे. वाचता येतंय का बघ.

तुझी,
धाकटी