डावी बाही

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार, आणि उत्तराला उशीर झाला म्हणून कान पकडून आणखी एक.

मन थाऱ्यावर नाही. वर्षअखेरीस मी निवृत्त होतोय हे तुला ठाऊक आहेच. आता इस्पितळाने सांगितलंय की कंपवाताची ओपीडी आत्तापासूनच माझ्या विद्यार्थिनीकडे सोपवत चला. मुलगी हुशार आहे, मीच तयार केलेली. तरी ती माझ्या खुर्चीत बसली की मी बाहेर येरझाऱ्या घालतो. परवा तिने हात जोडून विनवलं की सर, जरा चहा तरी पिऊन या.

माझी पद्धत तुला माहीत आहे. बाकांपासून माझ्या खोलीपर्यंत लांबलचक व्हरांडा आहे. दार मी सताड उघडं ठेवतो आणि पेशंट येताना बघत राहतो. पाऊल घासतंय का, वळताना अडतंय का, एक हात हलायचा थांबलाय का. तो खुर्चीत टेकेपर्यंत माझं निम्मं काम झालेलं असतं. हे असं बघणं त्या मुलीला जमेल का, याचीच काळजी वाटते.

गेल्या आठवड्यात एक सुतार आला. मांडीवर ठेवलेला हात थडथडत होता. बायको सांगत होती, रंधा मारताना हाच हात अगदी शहाण्यासारखा वागतो. ताई, हा कंप असाच असतो. रिकाम्या हातात येतो, हात कामाला लागला की दडून बसतो. त्यामुळे वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही. आजाराचं नाव सांगितल्यावर त्याने एवढंच विचारलं की दुकानाची पाटी उतरवायची का. इतकी वर्षं हे नाव मी लोकांना सांगतोय, पण अजूनही आधी घशाला कोरड पडते आणि दोन घोट पाणी प्यावं लागतं.

एप्रिलमध्ये आठवडाभर तुझ्याकडे येतोय. भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, सल्ले तेवढे कमी कर.

तुझा,
टिल्लू


१९ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद, त्यातला एक खास शांत झोपेसाठी.

साठीला आलास तरी पायाला भिंगरी ती भिंगरीच. लहानपणी पतंगाचा दोरा दुसऱ्याच्या हातात दिलास की असाच त्याच्याभोवती नाचायचास. त्या मुलीला बसू दे की सुखाने.

तू येणार म्हटल्यापासून हे घरात ताठ चालायला लागलेत. मागच्या खेपेला तू यांच्या पावलांकडे टक लावून बघत होतास आणि शेवटी निघालं काय, तर नवा बूट चावत होता. तेव्हापासून तू आलास की यांना घाम फुटतो. आत्ताच सांगून ठेवते, या घरात कुणीही तुला चालून दाखवणार नाही.

पत्र कशाला, फोन कर, असं तू नेहमी म्हणतोस. पण फोनवर तू डॉक्टर असतोस. झोप लागते का, भूक लागते का, एवढं विचारून मोकळा होतोस. पत्रात तेवढा माझा टिल्लू असतोस, म्हणून मी हा हट्ट सोडत नाही.

त्या सुताराचं पुढे काय झालं? पाटी उतरवावी लागली का? आणि हात कामात गुंतलेला असला की तो कंप खरंच अजिबात दिसत नाही? तुझ्यासारख्यालाही? सहज विचारते. माझ्या शिवणवर्गातल्या एका बाईंच्या नात्यात कुणीतरी तसं आहे.

निळी लोकर आणून ठेवली आहे. तू आलास की समोर बसून तुझा स्वेटर विणणार आहे. मापाला माणूस समोर असलेला बरा.

तुझी,
ताई


२ मे

ती. ताईस,
नमस्कार. तुझा स्वेटर अंगात घालूनच करतोय, गोड मानून घे.

पार्सल काल पोचलं. घालून आरशासमोर उभा राहिलो आणि तुझी भावजय हसून हसून पलंगावर बसली. उजवी बाही मनगटाला बरोबर बसते. डावी थेट गुडघ्याशी जाते. ताई, मापाला माणूस समोर होता ना? माझा एकच हात तेवढा वाढतोय असं वाटलं का तुला?

खरं सांगायचं तर थोडा रागही आला आहे. होतो तितके दिवस तू सुया खाली ठेवल्या नाहीस. गप्पांत विणकाम, टीव्हीपुढे विणकाम, गच्चीत विणकाम. जेवायला पानावर बसली नाहीस, आम्हाला वाढत राहिलीस. फिरायला निघालो तर खांद्याची पिशवी डाव्या हातात घट्ट. भाऊ एवढ्या लांबून येतो, तर घटकाभर नुसती शेजारी बसायला काय हरकत होती?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. सुताराला गोळ्या लागू पडल्या, पाटी जागेवर आहे. वेळेवर आला म्हणून बरं. त्या बाईंच्या नातेवाइकांनाही दाखवून घ्यायला सांग, अंगावर काढू नका म्हणावं.

बाही परत पाठवू का?

लोभ बाहीएवढा लांब असू दे.

तुझा,
टिल्लू


१४ मे

चि. टिल्लूस,
आशीर्वाद.

बाही वाढली ती तुझ्यामुळे. तू बोलायचा थांबेनास, मग मी विणायची कशी थांबू? पाठव, उसवून नीट करून देईन. घाई नाही. शिवणवर्ग सध्या बंद ठेवला आहे, उकाड्यात बायका येत नाहीत. सुताराची पाटी जागेवर आहे हे वाचून फार बरं वाटलं. यांची तब्येत ठीक. तुझ्या भावजयीला माझा निरोप सांग की हसायचं तेवढं हसून घे, पुढचा नंबर तिचाच आहे.

तुझी,
ताई


२० जून

ताई,

आज मायना सुचत नाही, रागावू नकोस.

सकाळी विद्यार्थ्यांना शिकवत होतो. खोलीतला एसी बोचतो म्हणून तुझा स्वेटर घातला होता, डावी बाही चार घड्या घालून. बोलता बोलता नेहमीचं वाक्य तोंडातून गेलं की कामात असलेला हात बघू नका, रिकामा हात बघा. आणि तेवढ्यात घडी सुटून बाही खाली लोंबायला लागली. मी तिच्याकडे बघत राहिलो. पुढचं वाक्य आलंच नाही. तुझा डावा हात मी त्या आठवड्यात एकदाही रिकामा पाहिला नव्हता.

मुलं घाबरली, त्यांना वाटलं मलाच काही झालं. घरी येऊन तुझी पत्रं काढली, अक्षर तपासलं. अक्षर ठणठणीत आहे. असणारच, ते उजव्या हाताचं. शिवणवर्ग उकाड्याने बंद आहे ना? आणि त्या बाईंच्या नात्यातलं ते कुणीतरी कोण, ते आता सांगूच नकोस.

हजारो लोकांना मी व्हरांड्यातून येताना ओळखलं, आणि तू हाताच्या अंतरावर बसली होतीस. मला माझीच लाज वाटते आणि तुझा संताप येतो. शनिवारी पोचतोय. काही बोलू नकोस, मला फक्त एकदा हात बघू दे.

टिल्लू


२७ जून

चि. टिल्लूस,
आशीर्वाद, आणि दार लावून परत पाठवलं त्याबद्दल मनापासून माफी.

यांनी सांगितलं की तू बराच वेळ जिन्यात बसून होतास. मी आत पलंगावर बसून होते. हात मांडीवर थडथडत होता आणि मला तुझ्यासमोर यायचा धीर होत नव्हता.

गेल्या हिवाळ्यात सुरू झालं. काय असावं ते तुझ्या सुतारावरून कळलं, लपवायचं कसं तेही तुझ्याच पत्राने शिकवलं. सुया हातात असल्या की हात गुमान राहायचा. डावी बाही कधीच पुरी झाली होती, पण तू समोरून उठेनास आणि सुया खाली ठेवायची माझी छाती होईना. मग विणत राहिले.

तुला फसवण्यात मजा नव्हती रे. मला भीती आजाराची कमी आणि तुझ्या डोळ्यांची जास्त वाटते. समोर पेशंट आला की तुझी नजर बदलते, मी पाहिली आहे. यांच्या त्या बुटाच्या वेळीसुद्धा तू पाहुणा राहिला नव्हतास. आईबाबा गेल्यावर टिल्लू म्हणून हाक मारायला मला एकच माणूस उरला आहे. तोही डॉक्टर झाला तर मी कुणाकडे बघू?

औषध घेणार नाही असं मी म्हणत नाही. मला वर्ग पुन्हा सुरू करायचा आहे. पण तुझ्या त्या मुलीकडे येईन. तू खोलीत यायचं नाहीस. तिला खोदून विचारायचं नाहीस. आणि मी व्हरांड्यातून जाताना माझ्याकडे बघायचं नाहीस. कबूल असेल तर तारीख कळव.

तुझी,
ताई


१ जुलै

ती. ताईस,
दंडवत.

कबूल. सगळं कबूल. तिसरी अट मला जमेल की नाही देव जाणे, आयुष्यभर दुसरं काही केलंच नाही. दोन दिवस घरात फेऱ्या मारून तुझ्या भावजयीला भंडावून सोडलंय. तिने सुनावलं की ताई एवढंच मागतायत, तर तेवढं तरी मुकाट्याने द्या.

सोळा तारखेची वेळ घेतली आहे, बाकीच्यांसारखी खिडकीवर उभा राहून. बाकावर बसेन. नातेवाईक म्हणून.

तुझा,
टिल्लू


१८ जुलै

चि. टिल्लूस,
पोटभर आशीर्वाद.

काल सुखरूप घरी पोचलो. परवा तुझ्याशी धड बोलणं झालं नाही. यांनी गाडीत माझी सगळी गाणी मुकाट ऐकून घेतली, म्हणजे हे किती घाबरले असतील बघ.

मुलगी गुणी आहे. मला बोटं आपटायला लावली, उठबस करायला लावली, तू घरी कसा आहेस हेही हळूच विचारून घेतलं. आजाराचं नाव सांगायच्या आधी ती दोन घोट पाणी प्यायली. तिथेच मला तू दिसलास. सुयांचं ऐकून ती हसली नाही, पण वर्गाचं काय, असं तिने आपणहून विचारलं. गोळ्या आणि व्यायाम नेमाने केले तर पुढच्या महिन्यात वर्ग सुरू करायला हरकत नाही म्हणाली.

पण मला लिहायचं आहे ते त्याच्या आधीचं. माझा नंबर पुकारला आणि मी बाकावरून उठले. पिशवी मुद्दाम यांच्याकडे दिली, दोन्ही हात मोकळे सोडले. अर्ध्या वाटेवर राहवेना, म्हणून मागे वळले. वाटलं, तू बघत असणारच, जन्माची खोड कुठे जाते. तू भिंतीकडे तोंड करून बसला होतास, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखा. निळा स्वेटर अंगात होता आणि ती लांब बाही तू दोन्ही हातांनी पिळत होतास. सगळे लोक तुझ्याकडे बघत होते. मग मी उरलेला व्हरांडा सावकाश, माझ्या चालीने चालले.

ती बाही उसवायला पाठवू नकोस.

आता आलास की मी काही विणणार नाही, वाढत बसणार नाही, तुझ्या शेजारी नुसती बसणार आहे. हात थडथडेल. धरावासा वाटला तर धर. नाडी तेवढी बघू नकोस.

तुझी,
ताई