बाबांच्या कानातली न उघडणारी डबी

प्रिय लांगी,

तुझं पत्र शनिवारच्या बोटीने पोचलं. दोन पानं खुशाली आणि शेवटी एकच ओळ, जी लिहिण्यासाठी ती दोन पानं भरलीस: "बाबांनी मला टाकलंय का?" अगं, सहा महिने तू दर रविवारी फोन करतेस आणि मी सांगते, बाबा तारोच्या कंदांच्या मळ्यात गेलेत. ते खरोखर तितका वेळ मळ्यात राबले असते, तर साऱ्या सवाई बेटाला पुरून उरेल इतका तारो पिकला असता. देव मला क्षमा करो, ते माझ्या शेजारीच चटईवर बसलेले असायचे. का, ते क्रमाने सांगते. तुझी लहानपणची खोड आहे म्हणून बजावते, शेवट आधी वाचायचा नाही.

तू साइआशी लग्न करतेयस हे कळवलंस तेव्हा बाबा कुरकुरले, हे मी लपवत नाही. "आख्ख्या ऑकलंडमध्ये हिला मोबाइल दुरुस्त करणाराच मिळाला, आणि तोही टोंगाचा! आता रग्बीत आपण हरलो की जावयासमोर तोंड कुठे लपवू?" पण त्याच संध्याकाळी प्रार्थनेत त्यांनी घरातल्या सगळ्यांची नावं घेतली आणि तुझ्या नावाला जोडून साइआचंही घेतलं. टोंगाच्या माणसासाठी आपल्या घरात प्रार्थना झाली ती पहिलीच. म्हणजे राग होता तो तेवढाच, संध्याकाळपर्यंतचा. फोनवर न येण्याचं कारण त्यांच्या मनात नव्हतं, कानात होतं.

तीन वर्षांपूर्वी रात्रपाळ्या करून तू ते श्रवणयंत्र पाठवलंस. इवलंसं, शिंपल्यासारखं चकचकीत, रात्री चार्जिंगला लावायचं. बाबा चर्चमध्ये मुद्दाम तो कान लोकांकडे करून बसायचे. तुझ्या लग्नाच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, ते बंद पडलं. माझ्या वहीत तारीख आहे. शेजारच्या तालिताच्या नवऱ्याने चष्म्याचा पेचकस आणला, सुई आणली, माशाचा काटासुद्धा घालून पाहिला. पण त्याला ना झाकण, ना फट. धक्क्याजवळचा दुकानदार म्हणाला, आतली बॅटरी मेलीय आणि ती काढता येत नाही, नवंच घ्यावं लागेल. मी म्हटलं, वात जळली म्हणून कोणी कंदील फेकून देतं का? तर म्हणतो कसा, "काकी, हा कंदील नाहीये." एवढं मलाही दिसत होतं.

बाबांनी मला बायबलवर हात ठेवायला लावला. "लांगीला कळता कामा नये. पोरगी नव्या संसारात पुन्हा रात्रपाळ्या करील." जुनं यंत्र, वाटाण्याएवढ्या सेलवर चालणारं, मी बिस्किटांच्या डब्यात तांदळात ठेवलं होतं, मी काही टाकून देत नाही हे तुला ठाऊकच आहे. पण बाबा ते कानात घालायला तयार होईनात. घातलं की गावाला कळणार, लेकीची भेट बंद पडली. मग बंद पडलेलंच कानात ठेवून तसेच राहिले, बहिरे आणि रुबाबदार. पाळकांचं प्रवचन त्यांनी सहा महिने नुसतं मान डोलावून ऐकलं आणि वर "फार छान बोललात" असंही सांगितलं.

आणि गेल्या महिन्यात व्हायचं ते झालं. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला. सगळं गाव घरोघरी मान खाली घालून बसलं. आणि भर रस्त्यातून तुझे बाबा, खांद्यावरच्या काठीला दोन्हीकडे नीरफणस टांगलेले, शीळ घालत येतायत! पहाऱ्यावरची पोरं दात-ओठ खात खुणा करतायत आणि ह्यांनी त्यांना हात हलवून आशीर्वाद दिला. शंखानंतर रस्त्यात पाय टाकणाऱ्याला दंड झालाच पाहिजे, असं गावसभेत सगळ्यांत मोठ्याने बोलणारे हेच, बरं का.

सभेत पाच खोकी टिनच्या मासळीचा दंड सांगितला. ह्यांना वाटलं, चर्चच्या छपराची वर्गणी चाललीय. छातीवर हात ठेवून म्हणाले, "पाच कसली, माझी दहा धरा!" मग कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने फिस्सकन केलं आणि सारी सभा हसून लोळली. तालिताच्या नवऱ्यालाही राहवलं नाही, त्याने सगळं सांगून टाकलं, खुणांनी ह्यांनाही समजावलं. बाबा उठले, काठीवर रेलून म्हणाले, "मला दंड करा, मान्य आहे. पण कानातल्या त्या डबीलाही करा. माझ्या घरात राहते, माझं खाते आणि मला दार उघडत नाही!" दंड पाच खोक्यांवरच राहिला.

घरी येऊन त्यांनी मुकाट्याने बिस्किटांचा डबा मागितला. मी नखाने झाकण सरकवलं, नवा सेल बसवला, कानात घातलं. म्हटलं, "झालं समाधान?" म्हणाले, "ओरडतेस कशाला? ऐकू येतंय." लांगी, सहा महिन्यांत इतकं गोड कोणी मला बोललं नव्हतं. फोनवर मात्र तरीही येईनात, म्हणायचे, पोरीने तिच्या यंत्राचं विचारलं तर मला खोटं बोलता यायचं नाही.

पुढच्या गुरुवारी महिला समितीत चटया विणता विणता हाच विषय. तालिता म्हणाली, बॅटरी आपल्या हाताने बदलता येणार नाही अशी वस्तू देशात विकूच देऊ नये. पाळकीणबाई म्हणाल्या, "बंद असतं म्हणून तर घामात, पावसात टिकतं. आणि तो वाटाणा एखाद्या बाळाने गिळला म्हणजे?" म्हणणं खोटं नव्हतं. मग मीच म्हटलं, झाकणाला छोटा स्क्रू असावा, आत रबराची कड असावी. बाळाला उघडता येऊ नये, बाबांना यावं. आता गावातर्फे खासदारांना अर्ज जाणार आहे, आणि मॅट्रिक झालेली मी एकटीच, म्हणून लिहायचं माझ्याकडे. रोज पहाटे बायबल वाचून झालं की एक ओळ लिहिते, दोन खोडते. सांगत नव्हते, पण फार बरं वाटतंय.

तर शेवट असा. काल तुझी ती शेवटची ओळ वाचून दाखवली, तेव्हा बाबांनी मला शपथेतून मोकळं केलं आणि ते बंद यंत्र रुमालात बांधून माझ्यापुढे ठेवलं. पत्रासोबत तेच येतंय, आणि हे पत्र लिहायलाही मला त्यांनीच बसवलंय. साइआसाठी त्यांचा निरोप शब्दशः उतरवते: "त्याला म्हणावं, हे उघडून दाखव. उघडलं तर टोंगाच्या माणसांना अक्कल असते असं मी गावसभेत उभा राहून सांगेन. नाही उघडलं, तर बायकोला घेऊन ये आणि तसं माझ्या कानात सांग. सेल घातलाय." या रविवारी दुपारची जेवणं झाली की फोन कर, पोरी. मी उचलणार नाही. ते सकाळपासूनच फोन मांडीवर घेऊन बसणार आहेत.

तुमच्या दोघांची वाट पाहणारी, तुझीच
आई