ओळ सरळ, उपग्रह वाकडा

३० ऑगस्ट

यंदाचा माझा मका लोकांनी गाड्या थांबवून बघायला हवा. ठरलं.

कारण असं. आज चर्चबाहेर शेजारच्या म्हाताऱ्या बाई, दोन्या फेलिसा, भेटल्या. त्यांच्या जमिनीचा सध्याचा भाडेकरार मे महिन्यात संपतोय. म्हणाल्या, जमीन आता तुम्हा भावाबहिणींपैकी एकाला कसायला देणार. भांडू नका, दोघं आपापल्या रानात मका पेरा, माझ्या खिडकीतून सगळं दिसतं, ज्याचा आवडेल त्याची जमीन. म्हणजे माझीच. ती जमीन पापांनी कसली, त्यांच्या ट्रॅक्टरच्या पायरीवर उभा राहून मी लहानाचा मोठा झालो. मला ती हवी आहे. नेलिदाला ती फक्त आपली खेळणी फिरवायला हवी आहे.

धाकट्या बहिणींना पेरायला शिकवू नये.

४ सप्टेंबर

नेलिदाने ट्रॅक्टरच्या टपावर एक पालथी परात बसवून घेतली. म्हणे उपग्रहाशी बोलते. ट्रॅक्टर आपला आपण सरळ जातो. विचारलं, मग तू काय करतेस? म्हणाली, लक्ष ठेवते. नुसतं बघायचंच असेल तर घरी टीव्ही आहे.

शिवाय शेतातली माती ठिकठिकाणी उकरून लॅबला पाठवली. कुठे काय कमी आहे ते कळतं म्हणे. पापा माती बोटांत चोळून बघायचे. मीही आज चोळून बघितली. माती आहे.

२२ सप्टेंबर, सकाळ

हिवाळा संपला, आज पेरणी. आमच्या घराण्याची पद्धत: सपाट रानात ना झाड ना टेकडी, तेव्हा लांबची एक खूण धरायची, तिच्यावर नजर रोखायची आणि ट्रॅक्टर सोडायचा. मागे बघायचं नाही. पहिली ओळ सरळ गेली की यंत्राचा मार्कर बाजूला खूण पाडत जातो, पुढच्या सगळ्या ओळी तिच्यावरून. पालथी परात लागत नाही.

खूण: दोन्या फेलिसांची पांढरी पाण्याची टाकी. बायको, मिर्ता, म्हणाली, चष्मा घेऊन जा. चष्मा वाचायला असतो. टाकीवर काय लिहिलंय?

दुपार

पहिली ओळ पडली. पापांना अभिमान वाटला असता. नजर एकदाही ढळली नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. शेवटाला पोचलो तर टाकी डावीकडे, बरीच लांब. समोर नुसती एक पांढरी गाय चरत होती. दोन्या फेलिसांनी टाकी हलवली वाटतं. न विचारता. म्हातारपणी माणसाला काय सुचेल सांगता येत नाही.

२५ सप्टेंबर

पेरणी संपली. सगळ्या ओळी पहिलीच्या मागोमाग, एकसारख्या. ही शिस्त यंत्राच्या बापाला जमायची नाही. मिर्ता पवनचक्कीच्या शिडीवर चढून बघून आली. म्हणाली, नदीसारखं दिसतंय. बायकोचं कौतुक असं आडून येतं.

११ ऑक्टोबर

मका वर आलाय. क्लबात पत्ते खेळायला गेलो तर सगळे फोनमध्ये तोंड घालून हसत होते. नेलिदाला उपग्रहाकडून दर आठवड्याला शेताचा फोटो येतो. त्यात शेजारी म्हणून माझंही शेत येतं. कुणी तरी तो गावभर पाठवला. नेलिदा म्हणते मी नाही पाठवला, मी फक्त मिर्ताला पाठवला.

फोटोत माझ्या ओळी आधी उजवीकडे वळतात, मग थबकल्यासारख्या होतात, मग आणखी उजवीकडे. मी समजावून सांगितलं: एवढ्या उंचीवरून काहीही वाकडं दिसणार, त्यात पृथ्वी गोल. कुणी ऐकून घेतलं नाही.

दोन्या फेलिसाही तिथेच होत्या. त्यांनी फोन डोळ्याला लावला आणि खूप वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, अरे, ही तर माझ्या पालोमाची वाट. माझी पांढरी गाय. रोज सकाळी टाकीपासून निघते, मध्ये एकदा थांबते, मग खालच्या ओल्या चिबडाकडे गवताला जाते. तू तिच्या मागे मागे पेरलंस का रे, ओरेस्ते?

क्लबात मला आता पालोमा म्हणतात. महिनाभर क्लबात न जाण्याचा निश्चय.

१४ ऑक्टोबर

क्लबात जाऊन आलो. गेलो नसतो तर त्यांना वाटलं असतं मी घाबरलो.

२ नोव्हेंबर

तणावर फवारणी. नेलिदाच्या फवाऱ्याला कॅमेरे आहेत. तण दिसलं तिथेच थेंब टाकतो, बाकी गप्प. कंजूषपणाची हद्द आहे. मी सगळ्या शेतावर सारखं मारलं, तण असो नसो. सगळ्यांना समान न्याय. मिर्ता म्हणाली, आपले ड्रम रिकामे झाले, तिचे अजून भरलेले आहेत, आणि तण तिच्याकडेच कमी आहे. मी म्हटलं, तिच्या तणाला भूक नसेल. यावर मिर्ता रिकामे ड्रम मोजायला गेली, म्हणजे पटलं.

१४ डिसेंबर

पाऊस नाही. आमच्या दोघांच्या शेतांच्या मधोमध वाळवट उंचवटा आहे, अर्धा तिचा, अर्धा माझा. पेरताना नेलिदाने तिथे बी विरळ टाकलं, खाली ओलीत दाट. यंत्र मातीचा नकाशा बघून आपोआप कमी-जास्त करतं म्हणे. मी सगळीकडे सारखंच दाट टाकलं. उंचसखल असा भेदभाव मी करत नाही.

उंचवट्यावर माझ्या मक्याची पानं सिगारसारखी गुंडाळली गेलीत. एवढी झाडं तेवढ्याशा ओलीवर भांडतायत. तिची झाडं थोडी, पण हिरवी. योगायोग.

निश्चय: त्या बाजूला बघायचं नाही.

१५ डिसेंबर

बघितलं.

६ जानेवारी

पाऊस आला, दोघांकडेही सारखाच. माझ्या उंचवट्यावर आता त्याचा उपयोग नाही, तिथलं वाळून गेलंय. नेलिदा कुंपणापाशी आली. म्हणाली, पुढच्या वेळी माझा नकाशा घे, फुकट आहे. मी म्हटलं, आधी तुझ्या उपग्रहाला सरळ बघायला शिकव. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

१९ मार्च

कापणी. भाड्याच्या हार्वेस्टरचा ड्रायव्हर सकाळपासून शिव्या घालत होता. ओळी वळतात तिथे यंत्राचं तोंड चुकतं आणि कणसं खाली पडतात. शेवटी उतरून आला नि विचारलं, हे पेरलं कोणी, पिऊन बसला होता का? मी म्हटलं, उपग्रहाने. म्हणाला, वाटलंच.

एकदा तरी उपग्रह माझ्या उपयोगी पडला.

६ एप्रिल

दोन्या फेलिसांकडे आसादो. निखाऱ्यावर बरगड्या चढवलेल्या, आम्हा दोघांना बोलावलेलं. मी पापांची टोपी घालून गेलो. आभाराचं भाषण पाठ होतं. सुरुवात चांगली होती.

जमीन नेलिदाला दिली.

मी म्हटलं, दोन्या फेलिसा, मी पापांच्या पद्धतीने पेरलं, समोर नजर, मागे बघायचं नाही. त्या म्हणाल्या, तुला कोणी सांगितलं? तुझा बाप दर थोड्या वेळाने मागे वळून बघायचा. मी याच खिडकीतून बघायचे. ओळ वाकली की उतरायचा, परत जायचा, पुन्हा पेरायचा. तू पायरीवर उभा असायचास, तोंड पुढे करून. तुला काय दिसणार?

बरगडी ताटात परत ठेवली. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भाषण केलं नाही.

घरी येताना मिर्ताला सांगितलं, बरंच झालं, या वयात एवढा व्याप कोण सांभाळणार. मिर्ता गाडी चालवत होती. चष्मा लावून.

१० जून

दोन्या फेलिसांच्या जमिनीवर गहू पेरायचाय. नेलिदाने ट्रॅक्टरवर बसायला बोलावलं. साहजिक आहे. एवढ्या मोठ्या रानात कुणी तरी अनुभवी माणूस हवाच.

केबिन उबदार, आत मी एकटाच. बाहेर हिवाळा, दव गोठलेलं. स्टीअरिंग आपलं आपण हलतं, हात लावायचा नाही असं नेलिदाने दोनदा बजावलंय. येर्बाच्या कडू चहाचा पेला भरून नळीने ओढत बसलो. मागे वळून बघितलं. ओळी सरळ आहेत. ठीक आहेत.

मधेच लघवीला उतरलो तर ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. म्हणजे माझ्यावाचून त्याचं पान हलत नाही. लगेच नेलिदाला फोन करून हे शांतपणे सांगितलं. ती म्हणाली, सीटखाली वजन कळायचं बटण आहे, सुरक्षेसाठी. वजन नसलं की थांबतो. बियाण्याचं पोतं ठेवलं तरी त्याला माणूसच वाटेल.

विचारलं, मग मला कशाला बोलावलंस?

म्हणाली, मिर्ताने गळ घातली रे. तू दिवसभर घरात असतोस.

वर चढून बसलो. ट्रॅक्टर निघाला.